कोड बरोबर शे, मग गाडी का बसते?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा एक गाडी घेऊन माझ्या दुकानात आला. धुळ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करण्याचं काम आहे, त्यामुळे नात्यात कुणाचं काहीही विजेचं बिघडलं की ते माझ्या टेबलावर येतं. गाडी त्याने स्वतः जोडलेली होती. मागे दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, पुढे एक मोकळं चाक, वर आर्डुइनो उनो हा गाडी चालवणारा छोटा बोर्ड, मोटरींसाठी लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर आणि तोंडाशी दोन डोळ्यांसारखा, आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. समोर काही आडवं आलं की वळायचं, एवढंच तिचं काम. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलेलं.

त्याने गाडी फरशीवर ठेवली आणि बटण दाबलं. चाकं वीतभर फिरली आणि थांबली. दोन सेकंदांनी पुन्हा वीतभर, पुन्हा थांबली.

"मामा, गाडी उठस नि बठस," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "कोड बरोबर शे, तीन येळ देखा. लॅपटॉपले जोडी तर नीट चालस!"

कोड, म्हणजे गाडीने काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम, खरंच बरोबर होता. आणि दोष कुठे आहे ते त्याने स्वतःच शेवटच्या वाक्यात सांगून टाकलं होतं, फक्त ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच गाड्या, रोबोट, पाणी सोडायची यंत्रं माझ्या टेबलावरून गेली. हौसेने हे करणारी मुलं बहुतेक वेळा कोडमध्येच दोष शोधत बसतात, कारण कोड डोळ्यांसमोर असतो. वीज दिसत नाही. ती मोजावी लागते, आणि मोजायची सवय कुणी लावलेली नसते. हा लेख त्या सवयीसाठी लिहितो आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला अख्खा छोटा संगणक. उनोवर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट जागा, चालू हिशेबाला २ किलोबाइट, आणि सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. ती पिनांवरून दोनच गोष्टी करते, पिनवर किती व्होल्ट आहेत ते वाचते, नाहीतर पिनवर ५ किंवा शून्य व्होल्ट देते. एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट काढावा. ४० ही शेवटची हद्द, त्यापुढे चिप जळू शकते. एवढ्यावर एलईडी लागते, मोटर फिरत नाही. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. आपल्या स्टार्टरमध्ये बोट दाबतं ते हिरवं बटण, पण मोटरचा करंट ओढून नेतो कॉन्टॅक्टर. इथे चिप म्हणजे बोट आणि ड्रायव्हर म्हणजे कॉन्टॅक्टर.

आता गाडी का बसत होती ते बघू. मळ्यातल्या खोलीत बल्ब लागलेला असतो आणि कुणीतरी पाच एचपीचा पंप सुरू करतं. बल्ब क्षणभर मंद होतो आणि पुन्हा उजळतो. हे खान्देशातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात रोज दिसतं. थेट स्टार्टरवर मोटर उचलताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिरणारी मोटर आतून उलट दाब तयार करते आणि तो दाब करंटला आवर घालतो. थांबलेल्या मोटरीत तो दाब नसतो, म्हणून पहिल्या क्षणी ती हावऱ्यासारखी करंट ओढते. लाईनवर एवढा ओढा आला की वायरमध्येच व्होल्टेज खर्च होतं आणि बल्बच्या वाट्याला कमी येतं.

भाच्याच्या गाडीत अगदी हेच होत होतं, फक्त बल्बच्या जागी चिप होती. गाडीला त्याने चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली होती, मल्टिमीटरमध्ये घालतो तीच. ती दिसते ९ व्होल्टची, पण आत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकामागे एक लावलेले असतात आणि त्यांचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बराच असतो. तो २ ओहम धरा. उचलताना दोन मोटरी मिळून दीड अँपिअर ओढतात असं समजा. दोन गुणिले दीड, म्हणजे ३ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच संपले. उरले ६. उनोच्या गोल जॅकला किमान ७ व्होल्ट दिले तरच तिचा रेग्युलेटर पक्के ५ व्होल्ट बाहेर काढतो. ६ आले की ५ ची लाईन खाली बसते. बॅटरी जुनी असेल तर आतला रोध वाढलेला असतो आणि लाईन आणखी खाली जाते.

उनोच्या चिपमध्ये यासाठी एक पहारेकरी बसवलेला असतो. व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की तो चिपला रिसेट करतो, म्हणजे प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. भाच्याच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला, सेन्सर स्थिर व्हावा म्हणून, दोन सेकंदांचा थांबा लिहिलेला होता. आता सगळी साखळी लागते. मोटरी उचलल्या, व्होल्टेज पडलं, चिप रिसेट झाली, मोटरी सुटल्या, ओढा गेल्यामुळे बॅटरी सावरली, चिप दोन सेकंद थांबली, मोटरी पुन्हा उचलल्या. उठस नि बठस.

याहून वाईट प्रकार असतो तो व्होल्टेज २.७ च्या वर राहून ३.८ च्या खाली गेलं तर. १ कोटी ६० लाख ठोक्यांच्या वेगाला ही चिप साधारण ३.८ व्होल्टच्या वर असेल तरच भरवशाने चालते. मधल्या पट्ट्यात पहारेकरी रिसेट करत नाही आणि चिप नीट चालेल याची खात्रीही नसते. कधी गाडी एकाच बाजूला गोल फिरत राहते, कधी सेन्सरचा आकडा भलताच येतो, कधी सगळं गोठतं. अशा वेळी माणूस शपथेवर सांगतो की दोष कोडमध्येच आहे. अशा मुलांनी रात्र रात्र जागून कोड पाच वेळा नव्याने लिहिलेला मी पाहिला आहे, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं, कारण त्या मुलांची काही चूक नसते.

लॅपटॉपला जोडल्यावर गाडी का चालत होती? उनोवर एक छोटी सोय आहे. जॅककडून पुरेसं व्होल्टेज येत नसेल तर बोर्ड यूएसबीवरून वीज घेतो. लॅपटॉप जोडला की चिपला स्वतंत्र, भरवशाचे ५ व्होल्ट मिळतात. मोटरी बॅटरीचं काहीही करोत, चिप बसत नाही. म्हणून "लॅपटॉपला जोडली की चालते, सोडली की बसते" हे वाक्य कानावर पडलं की आधी विजेकडे वळावं.

पण मी अंदाजावर थांबलो नाही, आणि भाच्यालाही थांबू दिलं नाही. मीटर लावून पाहायचं ठरलं आणि तिथेच एक अडचण आली. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. व्होल्टेजची ती बुडी काही हजारांश सेकंदांची असते आणि मीटरला ती दिसतच नाही. मग आम्ही लॅपटॉप जोडलेला ठेवला, म्हणजे चिप रिसेट होणार नाही आणि मोटरी चालूच राहतील. मीटरच्या सुया बॅटरीच्या टोकांवर लावल्या. मोटरी बंद असताना ८.९. मोटरी सुरू केल्या आणि भाच्याने चाकं हाताने हलकी दाबून धरली. आकडा उतरत उतरत साडेपाचच्या खाली गेला. चाकं सोडली, पुन्हा वर चढला. भाचा तो आकडा बघत राहिला. नंतर त्याने स्वतःहून आणखी चार वेळा चाकं दाबून पाहिली.

रिसेट होतो आहे की प्रोग्राम मध्येच अडकतो आहे, हे लॅपटॉपशिवाय ओळखायचं असेल तर आणखी सोपा उपाय आहे. प्रोग्रामच्या सेटअप भागात, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, पहिल्याच ओळींना १३ नंबरच्या पिनवरची एलईडी तीन वेळा पटपट लुकलुकवायची. गाडी थांबली आणि एलईडी तीनदा लुकलुकली तर चिप नव्याने सुरू झाली, म्हणजे वीज बघा. गाडी थांबली आणि एलईडी गप्प राहिली तर चिप जागी आहे, प्रोग्राम कुठेतरी अडकलाय, म्हणजे कोड बघा. चार ओळींच्या कामात अर्धं जंगल मागे पडतं.

मोटरींसाठी मग त्याने १८६५० नंबरचे दोन लिथियम सेल घेतले. हा नंबर म्हणजे सेलचं मापच आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. एकाचे ३.७ व्होल्ट, दोघांचे मिळून ७.४, पूर्ण भरले की ८.४. त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की गाडीच्या मोटरी त्यांना जाणवतही नाहीत. त्याच कारणाने त्यांची दोन टोकं चुकून एकमेकांना भिडली तर तार लाल होते आणि सेल पेट घेऊ शकतो. संरक्षक सर्किटशिवाय ते वापरू नका आणि खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नका. ड्रायव्हरबद्दलही एक सांगून ठेवतो. एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर चालतो आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणून त्याच्या पाठीवर तो काळा हीटसिंक असतो. सहा व्होल्ट द्याल तर मोटरला चारच पोचतात. मोटर दुबळी वाटली तर तिला दोष देण्याआधी तिच्याच टोकांवर मीटर लावा.

उनोला त्याने वेगळी पॉवर बँक लावली. विचार चांगला होता. पण गाडी आता आणखीच चमत्कारिक वागायला लागली. कधी चाकं थरथरायची, कधी हुकूम नसताना फिरायची. बॅटरीची उणे तार आणि बोर्डचं ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचं टोक, त्याने एकमेकांना जोडलेलं नव्हतं.

ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर थोडं थांबतो. दोन माणसांना विचारा, विहिरीत पाणी किती खाली आहे? एक म्हणतो वीस फूट, दुसरा म्हणतो चोवीस. दोघंही खरं बोलत असतात, फक्त एकाने थारोळ्यापासून मोजलं आणि दुसऱ्याने कठड्याच्या वरून. व्होल्टेज असंच आहे. ते नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतं. "५ व्होल्ट" हे एकट्याने काहीच सांगत नाही, ५ कुठून मोजले ते सांगावं लागतं. चिप तिच्या ग्राउंडपासून ५ मोजून हुकूम देते आणि ड्रायव्हर स्वतःच्या ग्राउंडपासून मोजून तो हुकूम वाचतो. दोन्ही ग्राउंड जोडलेली नसतील तर ड्रायव्हरला ते ५ दिसतील, २ दिसतील की काहीच नाही, हे सांगता येत नाही. एक काळी तार लावली आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. वीज कितीही ठिकाणांहून घ्या, ग्राउंड सगळ्यांचं एकच पाहिजे.

आता पद्धतीकडे येतो, कारण प्रत्येक वेळी दोष ओळखीचाच निघेल असं नाही. सबमर्सिबल पंप चालत नाही आणि केबल कुठेतरी तुटल्याचा संशय आहे. अशा वेळी आम्ही वरपासून खालपर्यंत केबल सोलत जात नाही. मधला जॉइंट गाठतो आणि तिथे वीज येते का बघतो. आली तर दोष खालच्या अर्ध्यात, नाही आली तर वरच्या. मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. रोबोटमध्येही हेच करायचं. गाडी वळत नाही का? सेन्सर, चिप, ड्रायव्हर, मोटर अशी वाट आहे. मध्ये घुसा. ड्रायव्हरच्या इनपुट पिनवर मीटर लावा आणि सेन्सरसमोर हात धरा. तिथे ५ चे शून्य होत असतील तर सेन्सर, चिप आणि कोड तिन्ही सुटले, दोष पुढे आहे. होत नसेल तर मोटरीकडे बघायचं कारणच नाही, मागे या. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डने पाठवलेलं लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत, सेन्सरचा आकडा छापणं म्हणजे सुद्धा वाटेत एका ठिकाणी मीटर लावणंच आहे.

एका वेळी एकच बदल करायचा, आणि वहीत लिहायचा. काय बदललं, काय दिसलं. मुलं घाईत तीन तारा बदलतात, कोडमध्ये दोन आकडे बदलतात, गाडी चालते आणि ती खूश होतात. दोन दिवसांनी गाडी पुन्हा बसते, आणि आधी नेमकं कशाने चालली होती हे कुणालाच माहीत नसतं. भाच्याला मी दुकानातली एक बिलबुकाच्या मापाची वही दिली.

काही दोष असे आहेत की त्यांच्यावर फार वेळ घालवू नये, फक्त ते असतात एवढं ठाऊक असावं. कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. सीरियल मॉनिटरवर अगम्य चिन्हं उमटत असतील तर कोडमधला वेग आणि मॉनिटरचा वेग जुळत नाहीये, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १,१५,२०० असणार. प्रोग्राम चढत नसेल तर ० आणि १ नंबरच्या पिनांवर काही जोडलंय का बघा, प्रोग्राम त्याच वाटेने आत जातो. लांब ब्रेडबोर्डच्या, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीच्या, कडेला लाल-निळ्या रेघा असतात, त्या बऱ्याच बोर्डांवर बरोबर मध्यावर तुटलेल्या असतात. अर्ध्या बोर्डला वीज पोचते आणि अर्ध्याला नाही. आणि जंपर वायर दिसायला धडधाकट असली तरी आतून तुटलेली असू शकते. मीटर बीपवर ठेवा आणि तार थोडी वाकवून बघा. आपल्याकडची धूळ ब्रेडबोर्डच्या भोकांत शिरते, त्यामुळे मी काम झाल्यावर बोर्ड डब्यात बंद करून ठेवतो.

एक दोष मात्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही चकित झालो होतो. बटण लावलंय, दाबलेलं नाही, तरी चिपला ते मधूनच दाबल्यासारखं दिसतं. तारेजवळ हात नेला तर जास्तच. बटणाचं एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरं पिनला, एवढंच जोडलेलं होतं. बटण सोडलं की पिन कशालाच जोडलेली राहत नाही, ती अधांतरी लोंबकळते. चिपची पिन इतकी नाजूक कानाची असते की भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण आणि आपल्या अंगावरून येणारी तीच गुणगुण तिला ऐकू येते, आणि ती कधी "हो" तर कधी "नाही" वाचते. उपाय चिपच्या आतच दिलेला आहे. बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये लावायचं आणि कोडमध्ये पिनला इनपुट पुलअप सांगायचं. मग आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला हलकेच वर धरून ठेवतो आणि बटण दाबल्यावरच ती खाली येते. फक्त अर्थ उलटा होतो, दाबलं म्हणजे शून्य. हे लक्षात ठेवावं लागतं.

आपल्या हवेचाही यात हात असतो, आणि त्याबद्दल पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये फारसं ऐकायला मिळत नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, माणसाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वेळावरून अंतर काढायला आवाजाचा वेग लागतो. सगळीकडे कोडमध्ये ०.०३४ हा आकडा लिहिलेला असतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात एवढे सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर. पण हवा तापली की आवाज जोरात धावतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर जास्त. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ४५ अंशांवर तो वेग ३५८ च्या पुढे जातो. एक मीटरवरची भिंत तेव्हा ९५ सेंटिमीटरवर दिसते, आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर तीच भिंत १०१ वर जाते. अडथळा चुकवणाऱ्या गाडीला याने फरक पडत नाही, पण पाण्याच्या टाकीची पातळी मोजायची असेल तर पडतो. शेजारी एक तापमानाचा सेन्सर बसवून वेग कोडमध्येच काढला की आकडा ठीक येतो.

याच सेन्सरला वाळत घातलेली गोधडी दिसत नाही. भाच्याची गाडी भिंतीपासून व्यवस्थित वळायची आणि ओसरीतल्या गोधडीत जाऊन शिरायची. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, प्रतिध्वनी येतच नाही, आणि सेन्सर एकतर शून्य सांगतो नाहीतर भलताच मोठा आकडा. शून्य म्हणजे "अगदी जवळ" असं कोड समजला तर एक गोंधळ, मोठा आकडा म्हणजे "वाट मोकळी" समजला तर दुसरा. हे दोन्ही आकडे "मला माहीत नाही" असेच धरावेत आणि गाडी थोडी हळू करून पुन्हा मोजावं.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी अंगणात वेडी होते ते उन्हामुळे. तिचे सेन्सर इन्फ्रारेड उजेड खाली टाकतात, पांढऱ्यावरून तो परत येतो आणि काळ्यावरून येत नाही. उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की सेन्सरचे डोळे दिपतात आणि काळी पट्टीही पांढरी दिसते. घरात जुळवलेली गाडी प्रदर्शनाच्या मांडवात पट्टी सोडते ती याचसाठी. सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावा आणि जुळणी त्याच जागेवर, त्याच वेळेला करा. सेन्सरची एलईडी लागते आहे का हे डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून ती जांभळट चमकताना दिसते.

आता एक दोष खरोखर कोडमधला सांगतो. रावेरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुलाने केळीच्या रोपांसाठी ठिबकच्या लाईनवर छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा कॉक, बसवला. उनो, एक रिले (चिपच्या हुकमावर चालणारं स्विच) आणि दहा मिनिटांचा वेळ. कोडमध्ये त्याने सरळ लिहिलं, डिले (थांबा) १० * ६० * १०००, कारण वेळ मिलिसेकंदांत द्यावा लागतो. व्हॉल्व्ह उघडला आणि दहा सेकंदांत बंद. चाचणीसाठी त्याने १० चे ५ केले. आता व्हॉल्व्ह उघडला तो बंदच होईना. त्याला वाटलं रिलेचे पॉइंट चिकटले. दोन रिले बदलून झाले.

तो आला तेव्हा आम्ही तीच मध्ये घुसायची रीत वापरली. रिलेच्या पट्टीवर एक बारीक एलईडी असते, हुकूम आला की ती लागते. व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता तेव्हाही ती लागलेलीच होती. म्हणजे बंद करायचा हुकूमच निघाला नव्हता. रिले निर्दोष, मागे चला. मग डिलेच्या आधी तोच गुणाकार सीरियल मॉनिटरवर छापला. पडद्यावर तीन लाखांऐवजी उणे २७,६८० आलं.

असं का झालं? उनोवर साधी पूर्णांक संख्या दोन बाइटमध्ये राहते आणि तिची धाव उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढीच असते. जुन्या मोटारसायकलचं किलोमीटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतं, तसं इथे दर ६५,५३६ ला फेरा पुरा होतो. दहा मिनिटांचे ६,००,००० मिलिसेकंद. त्यात नऊ फेरे, म्हणजे ५,८९,८२४ गेले आणि उरले १०,१७६. मिलिसेकंदांत ते दहा सेकंदच झाले. पाच मिनिटांचे ३,००,०००. चार फेरे गेले, उरले ३७,८५६. ही संख्या ३२,७६७ च्या पुढची, म्हणून ती ऋण समजली जाते. डिलेला ऋण वेळ कळत नाही, तो तिला उलट प्रचंड मोठी संख्या समजतो, ४,२९,४९,३९,६१६ मिलिसेकंद. ४९ दिवस आणि १७ तास. केळीच्या कोवळ्या रोपांवर एवढा वेळ पाणी सुरू राहिलं असतं.

उपाय एका अक्षरजोडीचा आहे. १० ला चिकटून लगेच नंतर यूएल (10UL) लिहायचं, म्हणजे चिप तो हिशेब चार बाइटमध्ये करते. ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या दुसऱ्या चिपवर साधी संख्याही चार बाइटची असते, म्हणून तिथे हीच ओळ बिनबोभाट चालते, आणि "माझ्या मित्राकडे तर चालतं" असं ऐकायला मिळतं. आर्डुइनोच्या सेटिंगमध्ये कंपायलर वॉर्निंग हा पर्याय सुरुवातीला बंद असतो. तो चालू केलात तर असली ओळ तो स्वतःच दाखवून देतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण शेतातल्या यंत्राची चूक झाडांना भोगावी लागते.

शेतातच आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. दोन काट्यांचा, मातीत खुपसायचा स्वस्त ओलावा सेन्सर काही आठवड्यांत आकडे चुकवायला लागतो. त्यातून सतत एकाच दिशेने करंट वाहतो, आणि ओल्या, खत मिसळलेल्या मातीत काट्यावरचा धातू झिजून जातो. मोजायचं असेल तेव्हाच त्याला वीज द्या, नाहीतर कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही. आणि ईएसपी३२ वर सेन्सर एकट्याने नीट वाचतो पण वाय-फाय सुरू केलं की वाचत नाही असं झालं, तर त्याची पिन बदला. त्या चिपच्या काही अ‍ॅनालॉग पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ मधल्या पिना चालतात.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. २३० व्होल्टला शाळकरी मुलांनी हात लावायचा नाही, आणि थ्री फेजच्या ४१५ ला तर मोठ्यांनीही माहितीशिवाय नाही. ५ व्होल्टच्या रिलेवरून थेट पंप चालवायचा नाही. रिलेने स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, आणि तो भाग जाणत्या वायरमनने जोडावा. ओव्हरलोड रिले कधीही काढून टाकू नये. आमच्या कामात हाताचे चटके खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. ५ आणि १२ व्होल्टमध्ये शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी भाचा पुन्हा आला. गाडी आता बसत नव्हती, पण सरळ जाताना डावीकडे ओढत होती. मी काही बोलायच्या आत त्याने वही काढून दाखवली. ड्रायव्हरवरच्या डाव्या आणि उजव्या मोटरींच्या तारा त्याने अदलाबदल करून पाहिल्या होत्या. ओढ उजवीकडे गेली असती तर दोष ड्रायव्हरचा किंवा कोडचा असता. वहीत लिहिलं होतं, "वायरी बदलल्या, तरी डावीकडेच." म्हणजे दोष डाव्या मोटरीत नाहीतर चाकात.

"मामा, पाना दे," तो म्हणाला.

डावं चाक काढलं. मोटरीच्या दांड्यावर कापसाचं सूत गच्च गुंडाळलेलं होतं. ते त्याने ब्लेडने कापून काढलं, चाक बसवलं आणि वहीत पुढची ओळ लिहायला घेतली.